अथेन्सचे घुबड
इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात लॉरियनच्या खाणींतील रुप्यापासून अथेन्सच्या टांकसाळीत जे सुमारे १७ ग्रॅम वजनाचे चार द्राख्मांचे नाणे पाडले जाई, त्याच्या दर्शनी अंगावर शिरस्त्राणधारिणी अथीना आणि पाठीवर तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी, इवलीशी चंद्रकोर व नगरनामाची तीन आद्याक्षरे असत. देवीचा चेहरा एका बाजूने दाखविलेला, नेत्र मात्र समोरून पाहिल्यासारखा बदामी. मूर्तिकला कितीतरी पुढे गेल्यावरही हा जुनाट घाट बुद्ध्याच राखला गेला, कारण परमुलखातील व्यापाऱ्यास ओळखीचाच शिक्का हवा असे. इ. स. पू. ३७५ च्या सुमारास झालेल्या कायद्यान्वये बाजारात बसणारा सरकारी पारखी, जो स्वतः गुलाम असे, पोटात कासे वा शिसे निघालेले नाणे तत्काळ आडवे कापी. कामात कसूर केल्यास पन्नास फटके त्यालाच!