बर्फगाडीचे मागले पाय

आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर घरोघरी डबे घासले जातात. मी राहतो त्या कॅनडातील उत्तर ऑन्टारिओत याच दिवसांत लोक आपापली स्नोमोबिल, म्हणजे बर्फगाडी, उघडून बसतात. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि त्या पट्ट्याच्या वेढ्यात दडलेले मागचे सस्पेन्शन! स्वाराचा बहुतेक भार तेच वाहते. पण डोळ्यांआड असल्यामुळे त्याची विचारपूस होत नाही.

ही गाडी निव्वळ श्रीमंतांची चैन नव्हे. १९३४ साली क्वेबेकमधील व्हालकूर गावी जोसेफ-आर्मां बॉम्बार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. रस्ते बर्फाने बुजलेले. इस्पितळ गाठता आले नाही. पोरवयापासून बर्फगाडीचा ध्यास घेतलेल्या या मेकॅनिकने १९३७ साली दातेरी चाक व पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळवले. १९५९ मध्ये त्यांची हलकी 'स्की-डू' आली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम स्प्रिंगांचा ताण कमी करावा, मागची धुरा ढिली करून पट्टा सैल सोडावा आणि गाडीचे बूड उचलून बोल्टांवरचा भार काढावा. माझ्या गाडीला असे चार बोल्ट आहेत. गंमत अशी, की एकीकडचा बोल्ट निघाला की दुसरीकडे पाना लावताच आतली दांडी बोल्टासकट गरगर फिरते! म्हणून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सौभाग्यवती, असे दोघे एकदम पाना फिरवतो. दोन्ही जोर एकमेकांस तोलतात, दांडी जागची हलत नाही आणि बोल्ट सुटतात. मग गाडी कुशीवर निजवून सांगाडा बाहेर ओढायचा.

खरे काम पुढेच! प्रत्येक चाक हाताने फिरवावे. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेले म्हणून समजावे. सांध्यांतले जुने ग्रीस पुसून नवे भरावे. रुळांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्या असतील तर बदलाव्यात. त्यांना थंडावा व वंगण भुसभुशीत बर्फच पुरवतो. तो न मिळाला तर त्या तापून वितळतात.

बसवताना सांगाडा पट्ट्याने आवळून आखूड करावा, म्हणजे भोके जुळवताना झटापट होत नाही. आधी पुढचे बोल्ट, मग मागचे. सारे हातानेच धरवावेत आणि शेवटी पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. मग पट्ट्याचा ताण मोजावा व गाडीचे बूड अधांतरी ठेवून तो हळू फिरवून पाहावा. त्या वेळी मागे कुणी उभे राहू नये!

या साऱ्यात एक दिवस जातो. पण गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर, उणे तीस अंशांत, चाक जाम झाले तर? तेथे हातमोजा काढून बोल्टाला हात घालायची सोय नसते आणि किनारा पायी गाठायचा असतो. वाचकहो, असा एक दिवस दिवाळीत खर्चावा, हेच शहाणपण!