खिशातील चाकू : निवड कामासाठी, भान कायद्याचे

पार्सलची चिकटपट्टी कापणे, सुतळी तोडणे, प्रवासात फळ चिरणे, तारेवरील आवरण सोलणे, पेन्सिलीला टोक काढणे अशा लहानसहान कामांसाठी खिशात किंवा पिशवीत मावणारा घडीचा चाकू ही जुनीच सोय आहे. ऑनलाइन विक्रीमुळे असे चाकू आता गावोगावी पोहोचू लागले आहेत. त्यांच्या जाहिरातींत 'दैनंदिन वापरासाठी आणि स्वसंरक्षणासाठी' असे शब्द हमखास आढळतात. त्यामुळे ग्राहकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. माफक किमतीत चांगला चाकू कसा ओळखावा, हा पहिला. स्वसंरक्षणाच्या दाव्याला कितपत महत्त्व द्यावे, हा दुसरा. आणि तोच अधिक महत्त्वाचा होय.

पाते किती मोठे असावे?

वर उल्लेखिलेल्या सर्व कामांसाठी सहा ते आठ सेंटिमीटर लांबीचे पाते पुरेसे असते. पात्याची जाडी दोन ते तीन मिलिमीटर असावी. अनेक स्वस्त चाकूंचे पाते भक्कम दिसावे म्हणून जाड ठेवलेले असते. अशा चाकूने सफरचंद चिरले जात नाही, ते फुटते. पातळ पाते कमी जोरात कापते आणि हातही घसरत नाही. दातेरी पाते दोरखंडासाठी उपयोगी असले तरी त्याला घरी धार लावणे कठीण जाते. म्हणून सर्वसाधारण वापरासाठी साधे, सरळ धारेचे पातेच निवडावे.

मूठ चार बोटे नीट बसतील एवढी लांब असावी. ओल्या हातातून निसटणारी गुळगुळीत धातूची मूठ टाळलेली बरी.

पोलादाची पारख

'स्टेनलेस स्टील' एवढाच शिक्का पात्याच्या दर्जाविषयी फारसे काही सांगत नाही. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की ते गंजरोधक म्हणून ओळखले जाते. परंतु धार किती काळ टिकेल हे प्रामुख्याने त्यातील कार्बनच्या प्रमाणावर आणि ते तापवून थंड करण्याच्या प्रक्रियेवर अवलंबून असते. अतिस्वस्त चाकूंत वापरले जाणारे कमी कार्बनचे पोलाद गंजत नाही, पण त्याची धार लवकर बोथट होते. मधल्या किमतीत आढळणाऱ्या '८सीआर१३एमओव्ही' या चिनी पोलादात सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असते. स्वीडनच्या '१२सी२७' या पोलादात कार्बन सुमारे ०.६ टक्के असतो. ही दोन्ही पोलादे दैनंदिन वापरासाठी उत्तम ठरतात आणि साध्या दगडावरही त्यांना धार लावता येते.

'डी२' हे पोलाद धार दीर्घकाळ टिकवते. मात्र ते पूर्णतः गंजरोधक नाही. कोकण, गोवा किंवा मुंबईच्या पावसाळी दमट हवेत त्यावर डाग पडू शकतात. साध्या कार्बन पोलादाचा चाकू तर वापरानंतर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवावाच लागतो. थोडक्यात, पोलादाचे नाव स्पष्टपणे छापणाऱ्या उत्पादकाला प्राधान्य द्यावे. जेथे नावच दिलेले नाही, तेथे किंमत कमी असूनही सौदा महाग पडण्याची शक्यता असते.

खटक्याची तपासणी

घडीच्या चाकूचा खरा धोका त्याच्या बिजागरीत असतो. काम करताना पाते अचानक मिटले तर बोटांना गंभीर इजा होऊ शकते. काही चाकूंत पाते केवळ स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. स्वित्झर्लंडचे बहुउपयोगी लाल चाकू बहुधा या प्रकारचे असतात. काहींत मुठीच्या आतील पट्टी पात्यामागे सरकते, तर 'ओपिनेल' या फ्रेंच चाकूत फिरती कडी पाते अडवून धरते. खरेदीच्या वेळी पाते उघडून ते आडवे हलते का, हे पाहावे. नंतर बोटे वाटेत येऊ न देता पात्याची पाठ लाकडावर हळूच टेकवून दाबावी. खटका सरकत असेल तर तो चाकू घेऊ नये.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेल्या अथवा तशा उपयोगासाठी बदल केलेल्या वस्तूंचा 'शस्त्रां'त समावेश होतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी तयार केलेल्या वस्तू या व्याख्येबाहेर ठेवण्यात आल्या आहेत. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. घरगुती, कृषी, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगाच्या चाकूंचा त्यास अपवाद करण्यात आला आहे.

याचा अर्थ त्याहून लहान असलेला प्रत्येक चाकू कोठेही बाळगता येतो असा नव्हे. दिल्ली प्रशासनाने १९८० साली काढलेल्या अधिसूचनेद्वारे ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या बटणदार, स्प्रिंगच्या आणि तत्सम चाकूंवर निर्बंध घातले. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकारी यांना ठरावीक काळासाठी चाकू, लाठ्या यांसारख्या वस्तू बाळगण्यास मनाई करता येते. सण, निवडणुका, मोर्चे अशा प्रसंगी असे आदेश निघत असतात. त्या काळात निरुपद्रवी वाटणारा चाकूही अडचणीत आणू शकतो. हिंदी चित्रपटांमुळे प्रसिद्धीस आलेल्या उत्तर प्रदेशातील रामपुरी चाकूसारखी, बटण दाबताच उघडणारी पाती म्हणूनच टाळणे श्रेयस्कर.

विमानप्रवासात चाकू हातातील सामानात नेता येत नाही. तो म्यानात बंद करून तपासणीसाठी जमा केलेल्या सामानात ठेवावा लागतो. मेट्रो स्थानके, न्यायालये आणि शासकीय कार्यालये येथील तपासणीतही तो अडवला जाऊ शकतो. राज्याराज्यांतील आदेश वेगवेगळे असल्याने परगावी जाताना चाकू घरी ठेवणेच सोयीचे.

स्वसंरक्षणाचा दावा

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये त्याची तरतूद आहे. तथापि, या हक्कास मर्यादा आहेत. सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. आपण स्वसंरक्षणार्थ वागलो हे दाखवून देण्याची जबाबदारीही तसा बचाव घेणाऱ्यावरच असते. 'बचावासाठीच बाळगला होता' हे विधान तपासात आपल्या बाजूने जाईलच असे नाही. ती वस्तू शस्त्र म्हणून बाळगली होती, याची कबुली म्हणूनही ते वाचले जाऊ शकते.

व्यवहाराच्या बाजूनेही हा दावा कमकुवत आहे. घडीचा चाकू खिशातून काढून उघडण्यास वेळ लागतो. तो वापरायचा तर हल्लेखोराच्या हाताच्या अंतरात जावे लागते, आणि घाबरलेल्या हातातून तो हिसकावला जाऊ शकतो. साध्या धमकीचे रूपांतर जीवघेण्या प्रसंगात होण्याचा संभव त्यामुळे वाढतो. उलट, अंतर राखणे, गर्दीच्या दिशेने जाणे, शिट्टी वाजवणे आणि मदत मागवणे हे उपाय कमी जोखमीचे आहेत. देशभरात ११२ हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे. स्मार्टफोनचे पॉवर बटण तीनदा झटपट दाबल्यास, किंवा साध्या फोनवर ५ अथवा ९ ही कळ दाबून धरल्यास संकटकालीन कॉल जाण्याची सोय करण्यात आली आहे. आपल्या फोनवर ती सुरू आहे का, हे आधीच पाहून ठेवणे कोणत्याही पात्याहून अधिक उपयोगी ठरेल.

निवड करताना

लहान व पातळ पाते, नाव दिलेले गंजरोधक पोलाद, विश्वासार्ह खटका आणि हाताने उघडणारी साधी रचना, एवढ्या चार गोष्टी जुळल्या की चाकू चांगला समजावा. महिन्यातून एकदा धार लावणे, बिजागरीत तेलाचा थेंब सोडणे आणि लहान मुलांच्या हाती तो लागू न देणे, एवढीच त्याची निगा. बोथट चाकूला अधिक जोर द्यावा लागतो आणि म्हणूनच तो अधिक जखमा करतो, हेही ध्यानात ठेवावे. चाकू कापण्याच्या कामासाठी घ्यावा. संरक्षणाची तजवीज मात्र वेगळी करावी.