पाऊण मिनिटाचे गाणे आणि मनाई हुकूम

प्रताधिकाराची अंमलबजावणी म्हणजे चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणाऱ्यांचा बंदोबस्त, तेव्हा ज्याने कधी कुणाचे काही चोरले नाही त्याच्या वाणीला तिच्यापासून भय कसले, असा आपल्याकडील बऱ्याच सुशिक्षितांचा समज आहे. आणि तो किती भाबडा आहे हे उमगण्यास बेंगळुरूच्या व्यापारी न्यायालयात नोव्हेंबर २०२२ मध्ये उभा राहिलेला एक कज्जा पुरेसा आहे.

'केजीएफ चॅप्टर २' या चित्रपटाच्या हिंदी गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या तेथील एमआरटी म्युझिक कंपनीने, काँग्रेस पक्षाने भारत जोडो यात्रेच्या प्रचारफितींत आपले संगीत परवानगीवाचून वापरल्याचा दावा लावला. तक्रार निराधार होती असे मुळीच नव्हे. परंतु प्रतिवादीचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच न्यायालयाने जो एकतर्फी मनाई हुकूम दिला, तो वादग्रस्त फितींपुरता न राहता पक्षाचे आणि यात्रेचे अशी दोन्ही ट्विटर खाती तात्पुरती रोखणारा निघाला. म्हणजे सुमारे पाऊण मिनिटाच्या गाण्यापायी देशातील प्रमुख विरोधी पक्षाचे तोंडच बांधावयाचे ठरले. दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबरला, त्या फिती काढून टाकण्याच्या अटीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला हे खरे. पण एका रात्रीत नामांकित वकील उभे करण्याची ऐपत राष्ट्रीय पक्षाला असते, घरात बसून चित्रफिती करणाऱ्या विद्यार्थ्याला ती कोठून असणार?

चोरटी प्रत नुसती पाहणाराही कैदेस पात्र होतो, हा दुसरा समज तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीच पसरवला होता, कारण रोखलेल्या पानांवर त्या तशी धमकीवजा सूचना झळकवीत. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये, 'ढिशूम' चित्रपटाच्या दाव्यात, स्पष्ट केले की अपराध पाहण्यात नाही, परवानगीवाचून वितरण, जाहीर प्रदर्शन वा विक्री करण्यात आहे. अर्थात कायद्याची जरब अगदीच काल्पनिक आहे असेही नव्हे. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या गुंडा कायद्यात दुरुस्ती करून, धंद्यासाठी जाणूनबुजून प्रताधिकार मोडणाऱ्यास 'डिजिटल गुन्हेगार' ठरवले, आणि खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येणाऱ्यांच्या यादीत, हातभट्टीवाले आणि झोपडपट्टी बळकावणारे यांच्या पंक्तीला, त्याला नेऊन बसवले! महाराष्ट्रानेही २००९ पासून अशाच कायद्यात व्हिडिओ-चोरांना जागा दिली आहे, तेव्हा शेजाऱ्यास हसण्याचे आपल्याला कारण नाही.

काढावयाचे तेवढेच काढले जाते, हा विश्वासही टिकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमांनी ऑगस्ट २०१७ मध्ये अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे रोखली गेली, तेव्हा दोन नव्या हिंदी चित्रपटांच्या रक्षणार्थ इंटरनेट आर्काइव्ह हे विश्वविख्यात ग्रंथभांडारही भारतीय वाचकांना बंद झाले. बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने तर २०११ मध्ये, सर्व प्रकारच्या मजकुरासंबंधीच्या नव्या नियमांचा आधार घेऊन, मुद्दाम सदोष अशा नोटिसा सात कंपन्यांना पाठवून पाहिल्या. त्यांपैकी सहांनी मागितले त्याहून किंवा आवश्यक त्याहून अधिक मुकाट्याने काढून टाकले.

राहिला आंतरराष्ट्रीय कायद्याचा बागुलबुवा. साऱ्या जगाला बांधणारा एकच प्रताधिकार कायदा अस्तित्वात नाही. १८८६ च्या बर्न कराराने, ज्यात भारत १९२८ पासून आहे, परकीय लेखकास स्वकीयाइतके संरक्षण देण्याचे बंधन आले, पण दाद मागावयाची ती ज्या त्या देशाच्या कायद्यानेच. अंमलबजावणी अधिक कठोर करू पाहणारा आक्टा करार युरोपीय संसदेने ४ जुलै २०१२ रोजी ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला, आणि भारताने तत्पूर्वीच जागतिक व्यापार संघटनेत त्यास हरकत घेतली होती.

करारांनी जे साधले नाही ते कंपन्यांच्या नियमांनी मात्र साधले आहे. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, तक्रारीनंतर एकवीस दिवसांत न्यायालयाचा हुकूम न आल्यास रोखलेला मजकूर पुन्हा खुला करता येतो. यूट्यूबवर मात्र १९९८ च्या अमेरिकी कायद्याची रीत चालते: नव्वद दिवसांत तीन ताकिदी मिळाल्या की वाहिनीच बंद होऊ शकते, आणि बेंगळुरूच्या जयनगरात बसलेल्या निर्मात्याला प्रतिदावा करावयाचा तर अमेरिकेतील संघीय न्यायालयाची हुकमत आपणास मान्य आहे, असे आधी लिहून द्यावे लागते.