माणसाविना विक्री : अमेरिकेतील काडतुसांचे यंत्र

नाणे टाकावे आणि वस्तू हाती पडावी, ही युक्ती फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात देवळातील पवित्र जल देणाऱ्या अशा यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. अमेरिकेत १८८८ साली न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर ही युक्ती च्युइंग गम विकू लागली. पुढे याच युक्तीने बंदुकीचा खेळही मिळू लागला. सीबर्ग कंपनीने १९३६ साली काढलेल्या एका खेळात बंदुकीतून प्रकाशाचा झोत सुटे आणि तो हलत्या बदकावरील प्रकाश ओळखणाऱ्या घटकावर पडला की नेम साधला असे ठरे. त्या खेळात इजा कोणालाच होत नसे.

आता यंत्रातून खरी काडतुसे मिळतात. अमेरिकन राउंड्स या कंपनीने अलाबामा, ओक्लाहोमा आणि टेक्सास या राज्यांतील काही किराणा दुकानांत अशी यंत्रे बसविल्याची वार्ता २०२४ साली सर्वत्र पसरली. यंत्राची रीत सोपी आहे. गिऱ्हाईक आपले ओळखपत्र यंत्रापुढे धरते. कॅमेरा त्याचा चेहरा ओळखपत्रावरील छायाचित्राशी ताडून पाहतो. वय २१ वर्षांचे भरले आणि पैसे चुकते झाले की काडतुसांची पेटी बाहेर येते.

हे कायद्याला धरून आहे काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर होकारार्थी आहे. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक विक्रेत्यांवर वयाचे बंधन घातले : लांब बंदुकीच्या काडतुसांसाठी १८ वर्षे, पिस्तुलाच्या काडतुसांसाठी २१. काडतुसे विकणाऱ्यास परवाना आणि विक्रीची नोंदही त्या कायद्याने आवश्यक केली होती. परंतु १९८६ साली या दोन्ही अटी बहुतांशी उठविण्यात आल्या. गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासण्याची सक्ती काडतुसांपुरती केंद्रीय कायद्यात नाही. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत, ही गोष्ट वेगळी.

कंपनीची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. ती म्हणते, दुकानातील उघड्या फळीपेक्षा आमची पोलादी पेटी सुरक्षित आहे आणि वयाची पारख आम्ही अधिक काटेकोरपणे करतो. यात तथ्य आहे. झोपेला आलेला नोकर ओळखपत्र न पाहताच माल देईल. यंत्र तसे करणार नाही.

तथापि आमच्या मते खरा प्रश्न वयाचा नाहीच. गिऱ्हाईक कोण आहे हे यंत्र सांगते. ते कोणत्या मनःस्थितीत आहे हे ते सांगू शकत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१ साली असे सुमारे ४८,८०० मृत्यू झाले, त्यांत २६,३०० हून अधिक आत्महत्या होत्या. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली तीन माणसांनी एकाच आठवड्यात एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच आपले आयुष्य संपविले. तिघांची एकमेकांशी ओळखदेखील नव्हती. या घटनेने दुकानदारच हादरले. खचलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे आणि विक्री कशी नाकारावी, हे शिकविणारा उपक्रम बंदूक विकणारे आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी मिळून तेथे सुरू केला. तो पुढे अन्य राज्यांतही गेला. येथे कायद्याने अडविले नसते ते माणसाच्या डोळ्यांनी अडवावे, एवढीच अपेक्षा आहे. यंत्राने विक्री होताना हे डोळेच नाहीसे होतात.

याच देशाने सिगारेटच्या बाबतीत निराळा मार्ग धरला. २०१० पासून, जेथे अल्पवयीनांना प्रवेश आहे अशा ठिकाणी सिगारेटचे यंत्र ठेवण्यास केंद्रीय नियमाने बंदी आहे. म्हणजे ज्या किराणा दुकानात काडतुसांचे यंत्र चालते, तेथे सिगारेटचे यंत्र चालत नाही!

अलाबामातील टस्कलूसा येथील एक यंत्र २०२४ सालीच काढण्यात आले. पण कारण सांगितले गेले ते अपुऱ्या खपाचे. गिऱ्हाईक फिरकले असते तर ते तेथेच राहिले असते. म्हणून यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. १९८६ साली कायद्याने जे सोडून दिले, ते यंत्राने फक्त उघड्यावर मांडले आहे. विकताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहणे हा व्यापाराचा भाग आहे की नाही, याचा निर्णय समाजालाच करावा लागेल.