सरासरी वारा ठीक आहे, पण विमान उडेल का?

नेपाळमधलं लुक्ला विमानतळ. एव्हरेस्टकडे जाणारे बरेचसे ट्रेकर इथेच उतरतात. उंची सुमारे २,८४५ मीटर, धावपट्टी फक्त ५२७ मीटर, तीही जवळपास १२ टक्के उताराची. छोटी विमानं या उतारावरून खाली धावत सुटतात आणि धावपट्टी संपली की समोर थेट दरी! इथली बहुतेक उड्डाणं सकाळीच उरकतात, कारण दुपारकडे वारा वाढतो.

आता गंमत बघा. ऊन चढलं की दरीतला वारा खालून वर वाहतो. म्हणजे उडणाऱ्या विमानाला तो समोरून मिळतो. समोरचा वारा तर मदतच करतो ना? मग अडचण कुठे आहे?

विमानाला वर उचलणारं बल म्हणजे लिफ्ट. पंख आणि त्यांचा कोन तोच असेल, तर लिफ्ट हवेच्या घनतेच्या आणि हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लुक्लाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांशच. त्यामुळे तेवढ्याच लिफ्टसाठी सुमारे १५ टक्के जास्त वेग लागतो. म्हणजे सुरुवातच तंगीत.

आता एक हिशोब करू. समजा, नुकत्याच उडालेल्या विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग ७० नॉट आहे. त्यातले २० नॉट समोरच्या वाऱ्याचे, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष वेग ५०. अचानक वारा ५ नॉटवर आला. जडत्वामुळे ते ५० लगेच बदलत नाहीत. हवेच्या सापेक्ष वेग मात्र ५५ होतो. ५५ भागिले ७०, त्याचा वर्ग ०.६२. क्षणात ३८ टक्के लिफ्ट गेली! नाक वर उचलावं तर स्टॉलची भीती, नाक खाली करून वेग घ्यावा तर खाली उंचीच शिल्लक नाही.

उड्डाणाआधी पायलटला कळवला जाणारा वारा साधारणपणे २ मिनिटांची सरासरी असतो, तर झोत ३ सेकंदांच्या सरासरीवर मोजतात. '१२ नॉट' या साध्यासुध्या आकड्यात २० आणि ५ दोन्ही लपलेले असू शकतात. त्यात डोंगरकडे भोवरे तयार करतात, त्यामुळे वारा मोजायच्या खांबापाशी एक आणि धावपट्टीच्या टोकाला दुसराच.

म्हणून डेटाची सरासरी काढण्याआधी विचारा: माझी सिस्टिम किती वेळात प्रतिसाद देते? ती सेकंदांत कोसळत असेल, तर मिनिटांची सरासरी काय कामाची?