बोल्टाच्या हिशोबात ऐंशीचे शंभर कसे होतात?

एका वाचकांचा प्रश्न आहे : टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतला, पण क्रँकच्या पुलीचा बोल्ट काही केल्या हलेना. स्प्रे मारून झाला, पान्याला पाइप लावून लोंबकळून झालं. शेवटी गॅरेजवाल्याने एअर गन लावली आणि तो काही सेकंदांत सुटला. असं कसं?

आधी कागदावरचा हिशोब. आवळताना बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच पुलीला दाबून धरतो. पण लावलेल्या टॉर्कचे १०० भाग धरले, तर ढोबळमानाने ५० माथ्याखालच्या घर्षणात खर्च होतात, ४० आट्यांमधल्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १०. सोडवताना घर्षणाचे ९० भाग विरोधातच असतात, पण ताणाचे १० आता आपल्या बाजूने ढकलतात. म्हणजे ८० भागांतच काम व्हायला हवं! होंडाच्या काही इंजिनांत हा बोल्ट २४५ न्यूटन-मीटरला आवळतात. तो सोडवायला १९६ पुरावेत. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर साधारण ४० किलोंचा जोर. प्रत्यक्षात मात्र २४५ लावूनही तो पुष्कळदा ढिम्म असतो.

हे कोडं ज्याने अडीचशे वर्षांपूर्वी हाताळलं, तो शाळेत आपल्याला भेटतो विद्युतप्रभारापुरता. शार्ल कूलोम मूळचा फ्रेंच लष्करी अभियंता. रोशफोरच्या नौदल गोदीत त्याने घसरगाडीवर भलीमोठी वजनं लादली आणि ती हलवायला किती जोर लागतो हे मोजत बसला. (प्रयोगशाळेतल्या इवल्या ठोकळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता, हे मला फार आवडतं.) लाकडावर लाकूड जितका वेळ दाबून ठेवावं, तितका ते हलवायला सुरुवातीचा जोर जास्त लागतो, हे त्याने तक्त्यांत मांडलं. या कामाला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळालं. विद्युतप्रभाराच्या नियमाने पुढे त्याची ही बाजू झाकून टाकली.

धातूच्या बाबतीत कारण पुढे केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी उलगडलं. गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर. दाबाखाली ही टोकं चेपतात, एकमेकांना चिकटतात. त्यात वर्षानुवर्षांचं तापणं-निवणं आणि ओलाव्याने धरलेला गंज मिळवा, की ऐंशीचे शंभर आणि शंभराचे दीडशेही होतात.

दांड्यावरचा जोर हळूहळू चढतो. दांडा वाकतो, क्रँक फिरू पाहतो. एअर गनमधला हातोडा ऊर्जा साठवून क्षणार्धात आदळतो. तेवढ्या वेळात जड क्रँकशाफ्टला फिरायला सवडच मिळत नाही. त्याचं जडत्वच त्याला धरून ठेवतं. ठोक्यामागून ठोके बसले की चिकटलेली टोकं तुटतात. मात्र गन आणि गोटी यांच्यात लांब एक्स्टेन्शन नको. ते पिळलं जातं आणि ठोक्याची धार बोथट होते.

दांडा चासीला टेकवून स्टार्टर मारण्याची व्हिडिओतली करामत मला धोकादायक वाटते. दांडा निसटला तर हात मोडेल. शिवाय होंडाची बरीच जुनी इंजिनं उलटी फिरतात, तिथे बोल्ट आणखीच आवळला जाईल! स्प्रेच्या जाहिरातींचंही तसंच. माथ्याखाली इतक्या दाबाने मिटलेल्या फटीत तेल शिरणार कुठून?

तेलाची खरी करामत दिसते बोल्ट परत बसवताना. घर्षण निम्मं झालं, तर ९० चे ४५ होतात आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्टातला ताण सुमारे १.८ पट होतो. म्हणून मॅन्युअलमध्ये आट्यांना तेल लावा म्हटलं असेल तरच लावायचं, कोरडा बसवा म्हटलं असेल तर स्प्रेचा थेंब न् थेंब पुसून काढायचा, आणि मगच टॉर्क पाना हातात घ्यायचा.