दर्शनरांगेत माणूस, उन्हात इअरबड्स

शिर्डीच्या समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही. फोन लॉकरमध्ये जातो. इअरबड्सची डबी मात्र अनेकदा उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरच राहते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी भट्टीसारखी तापते. दर्शन होईपर्यंत दोन-तीन तास ती डबी तिथेच भाजत असते.

पाच तास चालणारे बड्स दीड-दोन वर्षांत तासाभरात मान टाकतात, याचे एक कारण इथे आहे. लिथियम-आयन बॅटरीत इलेक्ट्रोडवर एक पातळ थर असतो. उष्णतेने तो जाड होतो आणि थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही झीज आणखी वेगाने होते. डबी तर बड्स सतत भरलेलेच ठेवते!

शिवाय मोबाइलची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास, बडची जेमतेम ४०-५०. फोन दिवसातून एकदा चार्ज होतो, बड दोन-तीनदा. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येते. कॉलसाठी नेहमी एकच बड वापरला तर तो आधी थकतो. आलटून पालटून वापरलेला बरा. डबी सावलीत, खिशात ठेवावी. तापलेले बड्स लगेच चार्जिंगला लावू नयेत.

फुगलेला किंवा चटका देणारा बड कानात घालू नये. घंटागाडीतही टाकू नये. दाबला गेला तर पेट घेऊ शकतो. तो ई-कचरा संकलन केंद्रातच द्यावा.